सात पोती खारी माती

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी आमच्या गावच्या शाळेच्या शिपायांचं नाव घेतो. नाव म्हणजे कागदावरचं नाव नव्हे, ते आम्हा पोरांना माहीतच नव्हतं. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. आईला हे मी एकदा सांगून टाकलं. ती रागावली नाही. "बरोबर शे," एवढंच म्हणाली.

नाना घंटा वाजवायचे, पाणी भरायचे आणि विज्ञानाच्या कपाटाची किल्ली सांभाळायचे. आमची प्रयोगशाळा म्हणजे ते एकच कपाट. त्यात चार परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि मीठ, तुरटी, सोडा, मोरचूद यांच्या बाटल्या. एका वर्षी कपाटात ओल शिरली आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. मीठ कुठलं आणि सोडा कुठला, कळेना. तेव्हापासून नानांनी नियम केला. प्रत्येक बाटलीला दोन चिठ्ठ्या, एक बाहेर डकवलेली आणि एक गुंडाळी करून आत टाकलेली. "बाहेरनी वारा नेई, पानी नेई," ते म्हणायचे. "आतनी कोन नेई?" चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मधल्या सुटीत खायला डबा नसायचा. लिहिता लिहिता ते त्यांच्या भाकरीतली अर्धी माझ्या पुढ्यात सरकवायचे.

बारावीनंतर धुळ्याच्या शेतकी कॉलेजात माझा नंबर लागला. वडील सालदार होते, त्यांना मालकाकडून सुटी मिळेना. तेव्हा नानांनी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि माझ्याबरोबर एसटीत बसले. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही मुलाचे वडील का?"

"नही," नाना म्हणाले. "मी याची शाया शे."

शाया म्हणजे आमच्या बोलीत शाळा. कारकुनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फॉर्म आत घेतला.

एवढं सांगितल्यावर आता माझ्या घराची गोष्ट सांगतो. घर म्हणजे राहायचं नव्हे, धंद्याचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पदवी घेऊन मी दोन वर्षं एका खत-बियाण्यांच्या दुकानात काम केलं. रोज डोळ्यांसमोर शेतकरी यायचे आणि शेजाऱ्याने टाकलं तेच खत घेऊन जायचे. माती कोणती आहे हे कोणी विचारत नव्हतं. मनात आलं, जळगावात आपणच माती तपासायचं केंद्र काढावं. साठवलेल्या पगारात जुनी यंत्रं मिळत होती. जागा मात्र मिळत नव्हती. नव्या वस्तीतल्या गाळ्यांचं भाडं मला झेपणारं नव्हतं आणि माती म्हटलं की मालक नाक मुरडायचे.

शेवटी जुन्या जळगावातल्या एका बोळात मला ते घर दिसलं. दोन खोल्या, पुढे पडवी, तिला सागवानी खांब, आणि वर धाबं. आमच्याकडे जुन्या घरांना कौलं नसतात. लाकडी माळवदावर मातीचा जाड थर चोपून सपाट छप्पर करतात, ते धाबं. मालकाने घर नुकतंच नवं करून घेतलं होतं. आतून गुळगुळीत गिलावा, आकाशी रंग, खाली शहाबादी फरशी, एक ट्यूबलाइट, आणि मोरीत चक्क नळ. फक्त धाब्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता. "स्लॅबखाली माणूस भाजतो," ते म्हणाले. "धाब्याखाली झोपतो."

हे मालक म्हणजे शेजारीच राहणारे आबा. कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी हुकूम घेऊन लोकांची घरं रिकामी करून घेतली होती, म्हणून स्वतःचं घर भाड्याने देताना ते भलतेच सावध होते. करारनामा त्यांनी स्वतः लिहिला. कलम चार असं होतं : भाडेकरूने खिळा ठोकण्यापूर्वी मालकास विचारावे. कलम पाच : विचारल्यास मालक नाही म्हणेल. आणि शेवटचं कलम : पहिला महिना परीक्षेचा. महिनाअखेर मालकाचे समाधान न झाल्यास भाडेकरूने एका दिवसात जागा सोडावी. तोवर पाटी लावू नये.

मी आनंदाने सही केली. खरं सांगतो, मला त्या वेळी कुठल्याही कागदावर सही करायला लावली असती तरी मी केली असती. किल्ली हातात आल्यावर मी दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. ट्यूबलाइट लावून पाहिली, भर दुपारी. नळ सोडला, पाणी आलं नाही, तरी छान वाटलं. समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या अक्का हे सगळं बघत होत्या.

"काय रे भाऊ, दार विकायचं आहे का? उघड-झाक चाललीय नुसती!"

"नाही अक्का, पाहतोय."

"पाहा पाहा. आबांचं घर आहे. महिनाभर पाहून घे."

माझी रंगवलेली पाटी मात्र खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. येता-जाता मी तिची पाठ बघायचो.

पुढच्या आठवड्यात मी एरंडोलकडच्या एका गावात गेलो. तिथे कालव्याचं पाणी आल्यापासून काही शेतं पांढरी पडत चालली होती, पीक उगवून पिवळं व्हायचं. पारावर सात जण जमले. त्यांना सांगितलं, शेतात सात-आठ जागी खड्डे घ्या, माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. पिशवीला बाहेर नावाची चिठ्ठी बांधा. आणि आतल्या कोपऱ्यातसुद्धा एक बांधा, सुतळीने घट्ट.

"आत कशाले?" त्यांच्यातले एक भाऊ म्हणाले.

"बाहेरची वारा नेतो," मी म्हणालो आणि मलाच हसू आलं.

त्यांनी नियम पाळला. फक्त अर्धा किलो त्यांना पटला नाही. एवढ्याशा मातीत यंत्राला काय कळणार, आणि दिलं तर हात भरून द्यावं, असा विचार करून त्यांनी प्रत्येकी एक पोतं भरलं. सात पोती भाजीच्या टेम्पोत घालून जळगावला पाठवली. निकाल घ्यायला पुढच्या गुरुवारी येतो, हे पारावरच ठरलं होतं. पोती माझ्या ओट्यावर उतरली तेव्हा मी जळगावात नव्हतोच. मी धुळ्याला गेलो होतो, एका मित्राकडून जुना ताजवा आणायला. फार नाजूक तराजू होता, काचेच्या पेटीतला. परत येताना एसटीत तो मांडीवर धरून बसलो. पारोळ्यापर्यंत शेजारच्या बाई पेटीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "यात काय मोजतात?" म्हटलं, माती. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि एरंडोल येईपर्यंत हसत राहिल्या. मीही हसलो. खड्डा आला की ताजव्याला छातीशी धरायचो.

बोळात शिरलो तर माझ्या घरावर आबा. म्हणजे खरोखर घरावर. धाब्यावर उकिडवे बसून चोपणीने माती चोपत होते. धोतराला चिखल, भुवयांवर धूळ, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आलास? ये, ये!" ते वरून ओरडले. "अरे, मला वाटलं होतं आजकालची पोरं भाडं देऊन मोकळी होतात. तुला घराची काळजी आहे! न सांगता पोती भरभरून खारी मागवलीस!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धाबं गळू नये म्हणून खानदेशात दर उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या खाऱ्या मातीचा नवा थर देतात. ही माती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली सोडत नाही. शेताला जी माती शाप, तीच धाब्याला वरदान. आबांनी ओट्यावर पोती पाहिली, एकाचं तोंड सोडलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि ओळखलं. अस्सल खारी. खेड्यातून आलेला भाडेकरू, उन्हाळ्याचे दिवस, आणि दारात खारी माती. यात दुसरा कसला अर्थ निघणार? त्यांनी बोळातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं की असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं.

ताजवा हातात धरून मी उभा होतो. सात शेतकऱ्यांची शेतं माझ्या डोक्यावर चोपली जात होती.

आबा शिडीने खाली उतरले. हात धुऊन त्यांनी स्वतः चहा आणला. आमच्या करारनाम्यात चहाचं कलम नव्हतं. "आता महिन्याची वाट कशाला बघायची," ते म्हणाले, "उद्या पाटी लाव."

कशी गंमत असते पाहा. मला जे हवं होतं ते बशीत घालून समोर ठेवलं होतं. गप्प बसलो तर घर माझं. गुरुवारी शेतकऱ्यांना सांगता आलं असतं की पोती पोहोचलीच नाहीत, पुन्हा पाठवा. पहिला कप मी गप्प राहूनच प्यालो. दुसरा कप ओतताना आबा म्हणाले, "तुला वळण लावलं कोणी रे?"

झालं. आता कसं गप्प बसणार?

"आबा," मी म्हणालो, "ती माती धाब्याची नव्हती. तपासायला आली होती. सात जणांच्या शेतातली आहे."

आबांनी किटली खाली ठेवली. समोरच्या ओट्यावरून अक्कांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्याकडून काही ऐकायचं राहत नसे.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "आबा, जन्मभर लोकांचं सामान रस्त्यावर काढलंत, आता पोराचं गिऱ्हाईक छपरावर टाकलंत?"

शेजारच्या दोन दारांतून हसू आलं. आबा उठले, आपल्या घरात गेले आणि दाराची एक फळी लावून घेतली. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांपुढे शेवटचं कलम आलं. पण गुरुवारी सात माणसं येणार होती, त्यांना तोंड दाखवायचं होतं. तेवढ्यात एकदम आठवलं.

"अक्का, पोती कुठे आहेत? रिकामी पोती?"

"माझ्याकडे आहेत. नळाला पाणी आलं की धुणार, मिरच्या वाळवायला लागतात."

"बाहेरच्या चिठ्ठ्या?"

"त्या उडाल्या कधीच."

आणि त्याच क्षणी त्यांच्या अंगणातल्या नळाने खर्र असा आवाज केला. आधी हवा येते, मग पाणी. मी चप्पल न घालता धावलो. जुन्या बोळातल्या फरश्या उन्हाने तव्यासारख्या तापल्या होत्या, त्यावर मी कसा नाचत गेलो ते अक्का अजून करून दाखवतात. सात पोती नळाखालच्या घमेल्यात कोंबलेली होती. पाण्याची पहिली धार पडायच्या आत मी सगळी कवेत घेऊन मागे सरलो. धार माझ्या पाठीवर पडली.

पहिलं पोतं उलटं केलं. आतल्या कोपऱ्यात, सुतळीने घट्ट बांधलेली चिठ्ठी. नाव, गट नंबर, सगळं. दुसऱ्यात चिठ्ठी. तिसऱ्यात चिठ्ठी. सातही! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की अक्कांनी कानांवर हात ठेवले.

मला अर्धा किलो हवी होती ती तरी कशाला, पुन्हा तपासायची वेळ आली तर थोडी जास्त असावी म्हणून. यंत्राला लागते वीस ग्रॅम. आणि मातीचं पोतं कितीही ओतलं तरी शिवणीत ओंजळभर राहतेच. अक्कांनी सात वर्तमानपत्रं अंथरली. एकेक पोतं आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून झटकत होतो, शिंकत होतो आणि हसत होतो. प्रत्येक ढिगाजवळ त्याची चिठ्ठी, वर दगड. अक्का म्हणाल्या, "भाऊ, तू शिकला ते हेच का रे, पोती झटकायला?" म्हटलं, "हो अक्का, चार वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढीग वाटून, चाळून ठेवले, चंचुपात्रात पाण्याबरोबर ढवळले. खारेपणा मोजायचं मीटर लावलं आणि एकेक आकडा लिहीत गेलो. सातवा लिहिला तेव्हा दारात आबा उभे होते. धुतलेला कोट, टोपी, जणू हुकूम बजावायला आले होते. मी पाटीकडे पाहिलं. ती अजून भिंतीकडेच तोंड करून होती.

"काल मी फसलो," ते म्हणाले. "पण माझी जीभ फसलेली नाही. पाच पोती खारी होती, ती वर टाकली. दोन गोडी होती, ती मागे जास्वंदीला घातली. तुझं यंत्र काय म्हणतं?"

मी कागद पाठीमागे लपवला. "तुम्हीच सांगा आबा. आता चाखून."

अक्का तांब्या घेऊन आल्याच. आबा पाटावर बसले. पहिल्या ढिगातली चिमूट, डोळे मिटून जिभेवर, मग चूळ. दुसरी, मग चूळ. बोळातली माणसं पडवीत उभी राहिली. सात चुळा झाल्यावर आबांनी डोळे उघडले आणि बोटाने दाखवलं. हे सर्वांत खारं, मग हे, मग हे. शेवटचे दोन गोडे.

मी कागद काढला. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. पण ज्याला ते गोडं म्हणाले त्यातलं एक माझ्या कागदावर चांगलंच खारं होतं.

"यंत्र चुकलं," आबा म्हणाले.

"आबा, यंत्र कसं चुकेल?"

"मग यंत्रवाला चुकला."

कोणीतरी हसलं. माझे कान तापले. मी कागद पुन्हा पाहिला. ते पात्र मी सर्वांत खाऱ्या पात्राच्या लगेच नंतर मोजलं होतं. मध्ये मीटरची कांडी शुद्ध पाण्याने धुवायची असते. सकाळपासून मी इतका खुशीत होतो की शीळ घालत पुढच्या पात्रात तशीच बुडवली. आबांनी सात वेळा चूळ भरली होती. मी एकदा कांडी धुवायला विसरलो होतो.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. कांडी धुतली, पुन्हा मोजलं. आकडा घसरत घसरत थेट खाली आला. गोडी माती. सातही जुळले.

आबा पाटावरून उठले, गुडघे झटकले. "दोन दिवसांत दोन वेळा स्वतःचं नुकसान होईल असं खरं बोललास," ते म्हणाले. "कोर्टात तीस-पस्तीस वर्षं काढली, असला पक्षकार पाहिला नाही." मग अक्कांकडे वळून, "तुमच्याकडे हातोडी आहे ना?"

"कलम चार?" मी विचारलं.

"विचारलंस, म्हणून नाही म्हणतो. खिळा तू ठोकायचा नाही. मी ठोकणार."

आणि त्यांनी ठोकला. स्वतःच्या नव्या गिलाव्यात, पहिल्या ठोक्याला डोळे मिटून. पाटी सरळ लागली का ते बघायला सगळी गल्ली समोरच्या भिंतीला टेकली होती. "डावीकडे!" "अहो उजवीकडे!" अर्धा तास. ती थोडी डावीकडे कललेली राहिली ती राहिलीच.

गुरुवारी सातही जण आले. त्यांना मी काहीही न लपवता सांगितलं, माती धाब्यावर गेली ते, पोती झटकली ते आणि कांडी धुतली नाही तेही. पारावर "आत कशाले" विचारणारे ते भाऊ शिडी चढून वर गेले, पायाने थर दाबून पाहिला आणि वरूनच ओरडले, "मन्हं वावर जयगावले ईसन माडीवर चढनं रे!" त्यांचं शेत जळगावला येऊन माडीवर चढलं होतं. त्यानंतर पडवीत जे हसणं झालं त्यात आबांचा आवाज सर्वांत मोठा होता. हसणं ओसरल्यावर मी पाच जणांना सांगितलं की कुठे चर खणायचा, जिप्सम कधी टाकायचं, हिरवळीचं खत कोणतं घ्यायचं. उरलेल्या दोघांना सांगितलं की तुमच्या जमिनीला काही झालेलं नाही, फक्त पाणी कमी द्या. ते सात जण कान देऊन ऐकत होते. माझ्यापेक्षा दुप्पट वयाची माणसं. मी उगाच ताजव्याची काच पुसली.

ते गेल्यावर पडवीतल्या पाटावर बसून मी हे पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप नाना यांस, साष्टांग नमस्कार.

मला जुन्या जळगावात जागा मिळाली. घर नवं केलेलं आहे, नळ आहे. पाटी लागली. ती थोडी वाकडी आहे, तुम्ही आलात की रागवाल, म्हणून आधीच सांगतो.

तुमच्या आतल्या चिठ्ठीने मला वाचवलं. कसं ते पत्रात सांगत नाही, कारण तुम्ही आल्यावर आबा सांगणार आहेत आणि अक्का मध्ये मध्ये त्यांना दुरुस्त करणार आहेत. ते ऐकायला तरी या.

येत्या रविवारी या. शाळेला सुटी असते, घंटा कोणाला सोपवायला नको. एसटी स्टँडवर मी येईन. इथे एक खुर्ची घेतली आहे. तिच्यावर अजून कोणाला बसू दिलेलं नाही. आबांनाही पाटच दिला. शाळेत तुम्हाला मी कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही.

येताना शाळेच्या मैदानातली माती आणा. अर्धा किलोच आणा नाना, पोतं नको.

इथलं कपाट लाकडी आहे, त्याला दोन किल्ल्या आहेत. एक तुमची.

आपला,
शाळेतला

ता. क. पत्ता पाकिटावर लिहिला आहे. आत, या कागदाच्या मागेही लिहिला आहे."